वर्षांचें भांडवल

राज्य बदललें तरी रयतेचा नांगर थांबत नाहीं, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ होती. गादीवर कोण बसलें याची वार्ता खेड्यांत पोंचेपर्यंत एखादें पीक निघून जाई, आणि सारा घेणारा हात बदलला तरी सारा देणारा हात तोच राही. ही समजूत शेतीच्या बाबतींतहि पुरती खरी नव्हती. परंतु कारखाने, आगगाड्या व मालमोटारी यांच्या जगांत तर ती अगदींच खोटी ठरते. येथें धनी बदलला म्हणजे नोकराच्या घरांतलें गणित त्याच हंगामांत बदलूं लागतें. तथापि उद्योगधंद्यांचे इतिहास वाचावयास घेतले तर त्यांत भेटतात ते धनीच. कंपनी कोणीं काढली, कोणीं विकत घेतली, कर्ज किती उभारलें, भागाचा भाव कोठवर चढला, हें सर्व तेथें सविस्तर सांपडतें. खालच्या माणसाचें काय झालें हें पाहावयाचें तर करारांचीं कलमें आणि पेन्शन फंडांचे हिशेब चाळावे लागतात.

प्रस्तुत लेखांत असा एक शोध अमेरिकेंतील मालमोटारींच्या धंद्याविषयीं, व विशेषेंकरून यलो या कंपनीविषयीं, करावयाचा आहे. १९२४ सालीं निघालेली ही कंपनी २०२३ च्या जुलैअखेर, शंभरी पुरी होण्यास थोडाच अवधि राहिला असतां, बंद पडली आणि सुमारें ३०,००० माणसांची नोकरी गेली. त्यांपैकीं सुमारें २२,००० माणसें टीमस्टर्स या कामगारसंघाचीं सभासद होतीं. कंपनीनें संघास दोष दिला, संघानें कंपनीस दिला. हा वाद वर्तमानपत्रांच्या दृष्टीनें एका उन्हाळ्याचा होता; इतिहासाच्या दृष्टीनें तो निदान चाळीस वर्षांचा आहे.

टीमस्टर म्हणजे गाडीवान. १९०३ सालीं नायगरा धबधब्याच्या गांवीं दोन संघ एकत्र येऊन हा संघ स्थापन झाला, तेव्हां त्याचे सभासद खरोखरीच घोड्यांच्या गाड्या हांकीत. घोडा गेला, मोटार आली, पण नांव राहिलें. आजहि संघाच्या बोधचिन्हावर दोन घोड्यांचीं मुखें आहेत. त्या काळच्या गाडीवानाचा दिवस बारा-बारा, कधीं अठरा तासांचाहि असे, आणि माल हरवला किंवा फुटला तर त्याची भरपाई त्याच्याच मजुरींतून होई. पुढें मोटारी आल्यावर ही स्थिति आपोआप सुधारली नाहीं. या धंद्यांत शिरणें सोपें होतें; ज्याच्यापाशीं दोन मोटारी तो मालक. गिऱ्हाईक मिळविण्यासाठीं भाडें उतरवावयाचें आणि उतरविलेलें भाडें ड्रायव्हरच्या मजुरींतून भरून काढावयाचें, हा या धंद्याचा मूळ स्वभाव होय.

या स्वभावास बांध घालणाऱ्या दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. १९३४ सालीं मिनिआपोलिस शहरांत मालमोटारवाल्यांचा मोठा संप झाला. २० जुलै रोजीं पोलिसांनीं केलेल्या गोळीबारांत दोन संपकरी प्राणांस मुकले व साठांहून अधिक माणसें जखमी झालीं; परंतु ऑगस्टांत मालकांस संघाशीं तडजोड करावी लागली. या संपांतून पुढें आलेल्या फॅरेल डॉब्जच्या ध्यानांत एक गोष्ट आली. एकेका शहराची वेगळी झुंज टिकावयाची नाहीं. माल एका शहरांतून दुसऱ्या शहरांत जातो, तेव्हां करारहि मालाच्या वाटेनेंच गेला पाहिजे. हा धडा त्याच्यापासून डेट्रॉइटच्या जिमी हॉफानें घेतला. दुसरी गोष्ट सरकारनें केली. १९३५ च्या कायद्यानें आंतरराज्य मालमोटारींचा धंदा एका आयोगाच्या नियंत्रणाखालीं आला. नवा परवाना मिळणें कठीण झालें आणि भाड्याचे दर आयोगाकडे नोंदवावे लागूं लागले. अर्थात् मालकांनीं एकमेकांचे गळे भाडें उतरवून कापण्याची सोय राहिली नाहीं, आणि तीबरोबरच ड्रायव्हरच्या मजुरीला कात्री लावण्याची निकडहि कमी झाली. या दोन बांधांच्या आड संघ वाढला, आणि जानेवारी १९६४ मध्यें हॉफानें सबंध देशासाठीं एकच करार घडवून आणला. सुमारें चार लाख माणसें त्याखालीं आलीं.

या करारांतील मजुरीचे आंकडे आतां जुने झाले. परंतु त्यांतील एका कल्पनेकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण पुढील सर्व इतिहास तिच्याभोंवतीं फिरतो. ती कल्पना म्हणजे सेवाज्येष्ठता. मालधक्क्यावर कामाची वांटणी पूर्वीं मुकादमाच्या मर्जीनें होई. ती आतां यादीनें होऊं लागली. जो आधीं कामास लागला त्याचें नांव वर. कोणती फेरी घ्यावयाची, दिवसपाळी कीं रातपाळी, सुटी कोणत्या आठवड्यांत, या सर्वांची निवड यादींतील क्रमानें व्हावयाची. नवा माणूस यादीच्या तळाशीं असतो. त्याला ठराविक फेरी नसते. फोन वाजेल तेव्हां त्यानें निघावयाचें, आणि मंदी आली तर घरीं बसावयाचा पहिला मान त्याचाच. वरचीं माणसें निवृत्त होतात तसतसा तो एकेक पायरी चढतो. मुलांच्या लहानपणीं जो रात्रीं कधीं घरीं नसे, तो त्यांच्या लग्नाच्या सुमारास संध्याकाळचें जेवण घरीं करूं लागतो. पंचविशींतील झोंप देऊन पन्नाशींतील झोंप विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. पेन्शनचेंहि तेंच. आज हातीं न घेतलेली मजुरी तीस वर्षांनीं घ्यावयाची. म्हणून मी म्हणतों कीं, या कामगाराचें खरें भांडवल पैसा नव्हे. त्यानें दिलेलीं वर्षें हेंच त्याचें भांडवल होय. आणि तें सर्वस्वीं दुसऱ्याच्या घरीं ठेवलेलें असतें.

व्यवसायानें शिक्षक असल्यामुळें ही गोष्ट मला पुस्तकावांचूनहि कळते. कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेचें व्यवस्थापक मंडळ बदललें आणि नव्या मंडळानें दोन महाविद्यालयांच्या प्राध्यापकांची एकच ज्येष्ठतायादी करण्याचें ठरविलें. कालिदास थोर कीं भवभूति या वादांतहि ज्यांनीं कधीं आवाज चढविला नव्हता, असे दोन विद्वान् चार महिन्यांच्या सेवेवरून वर्षभर एकमेकांशीं बोलेनासे झाले. मला प्रथम हसूं आलें. यादी लागली आणि माझें नांव सात जागा खालीं गेलेलें दिसलें, तेव्हां तें मावळलें. पगारांत एका रुपयाचाहि फरक पडला नव्हता. तरी कोणीं तरी माझ्या आयुष्यांतलीं कांहीं वर्षें उचलून नेलीं, असें मला वाटत राहिलें.

टीमस्टर्सच्या करारानें या भांडवलाच्या रक्षणासाठीं एक चांगली व्यवस्था केली होती. कंपनीला एखादा मालधक्का बंद करावयाचा, हलवावयाचा किंवा दुसऱ्यांत मिळवावयाचा असेल तर तिनें दोन्ही पक्षांच्या संयुक्त समितीपुढें अर्ज करावयाचा. काम ज्या गांवीं जाईल तेथें कामामागोमाग जाण्याचा हक्क कामगारास असावयाचा. दोन चालत्या कंपन्या एक झाल्या तर त्यांच्या याद्या वेणीच्या पेडांप्रमाणें सेवेच्या वर्षांनुसार गुंफावयाच्या. मात्र घेतलेली कंपनी दिवाळखोर असेल तर तिच्या माणसांचीं नांवें घेणाऱ्या कंपनीच्या यादीच्या तळाशीं जोडावयाचीं. या शेवटच्या कलमाचा अर्थ नीट पाहावा. ड्रायव्हरनें मोटार तितकीच सुरक्षित हांकली असेल, परंतु चालकांनीं कंपनी बुडविली तर त्याचीं वर्षेंहि तिच्याबरोबर बुडतात. म्हणजे चालकांच्या शहाणपणावर कामगाराचें सर्वस्व टांगलेलें, आणि चालक निवडण्याचा अधिकार मात्र त्याला नाहीं!

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. हें भांडवल धन्याच्याच हातीं असुरक्षित होतें असें नव्हे. स्वतःच्या पुढाऱ्यांच्या हातींहि तें सुरक्षित नव्हतें. १९५५ सालीं स्थापन झालेल्या सेंट्रल स्टेट्स पेन्शन फंडांतून हॉफाच्या काळीं व त्यानंतरहि लास व्हेगासच्या जुगारगृहांस कर्जें दिलीं गेलीं, आणि गुन्हेगारी टोळ्यांचा हात त्या तिजोरींत शिरला. अखेर १९८२ सालीं तो फंड न्यायालयाच्या देखरेखीखालीं आला, आणि १९८९ सालीं सबंध संघावरच सरकारी देखरेख बसली. ज्या वेळीं संघास आपली सारी शक्ति बाहेरील बदलांशीं झुंजण्यासाठीं हवी होती, त्याच वेळीं तो आपल्या घरची केर काढण्यांत गुंतला होता.

तो बाहेरील बदल १ जुलै १९८० रोजीं आला. अध्यक्ष कार्टर यांनीं त्या दिवशीं सही केलेल्या कायद्यानें परवान्यांचीं दारें उघडलीं आणि दरांवरील बंधनें सैल केलीं. महागाईनें गांजलेल्या देशांत मालवाहतूक स्वस्त व्हावी हा हेतु होता, आणि ती स्वस्त झालीहि. या सुधारणेनें ग्राहकाचा लाभ झाला नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. दहा वर्षांत परवानेदारांची संख्या दुपटीहून अधिक झाली. परंतु नव्या कंपन्यांत संघ नव्हता आणि त्यांच्या डोक्यावर जुन्या पेन्शनचें ओझेंहि नव्हतें. मोटारभर माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यास एक मोटार व एक माणूस पुरतो; त्या शाखेंतून संघ लवकरच जवळजवळ नाहींसा झाला. फुटकळ मालाची गोष्ट वेगळी. शंभर गिऱ्हाइकांच्या पेट्या दिवसा गोळा करावयाच्या, धक्क्यावर उतरावयाच्या, दिशेप्रमाणें लावून रात्रीं दुसऱ्या धक्क्यास धाडावयाच्या, आणि तेथून पुन्हां फोडून दारोदार पोंचवावयाच्या. त्यासाठीं देशभर धक्क्यांचें जाळें लागतें आणि तें विणण्यास पिढी खर्ची पडते. म्हणून संघाचा शेवटचा किल्ला फुटकळ मालाच्या मोठ्या कंपन्यांत राहिला. १९९४ च्या एप्रिलमध्यें या कंपन्यांविरुद्ध २४ दिवसांचा संप झाला, तेव्हां त्यांत सुमारें ७०,००० माणसें होतीं. कोठें चार लाख आणि कोठें सत्तर हजार!

या कंपन्यांत तीन घराणीं मोठीं: पोर्टलंडला १९२९ सालीं निघालेली कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज, अक्रन येथें १९३० सालीं निघालेली रोडवे, आणि ओक्लाहोमा सिटींत १९२४ सालीं निघालेली यलो. नव्या काळाशीं जमवून घेण्यासाठीं या घराण्यांच्या चालकांनीं जी युक्ति काढली ती समजण्यास देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची आठवण पुरेशी आहे. घर एकच, पण पाती दोन. थोरल्या पातींत संघ, करार, ज्येष्ठतायादी व पेन्शन. धाकट्या पातींत यांपैकीं कांहींच नाहीं. कन्सॉलिडेटेडनें १९८३ सालीं कॉन-वे या नांवाची धाकटी पाती काढली. रोडवेच्या मालकांनीं १९८५ सालीं पार्सलांची एक कंपनी काढली; तींतील ड्रायव्हर नोकर नव्हतेच, कागदोपत्रीं ते ठेकेदार होते. मग वांटण्या झाल्या. १९९६ या एकाच वर्षीं, जानेवारींत रोडवेची आणि डिसेंबरांत कन्सॉलिडेटेडची, अशा दोन्ही थोरल्या पात्या मूळ घरांतून वेगळ्या काढल्या गेल्या. घराण्याची उमेद व पुढली वाढ धाकटीकडे राहिली. यलोनें २००२ सालीं उलट्या बाजूनें तेंच केलें. संघाबाहेरच्या साया व जेव्हिक या कंपन्या तिनें आपला वांटा देऊन वेगळ्या केल्या, आणि थोरली पाती जुन्या घरांत राहिली. ज्यांच्या वाहतुकीच्या कमाईंतून हीं घरें उभीं राहिलीं, त्या ड्रायव्हरांस वांटणीपत्रावर सही करण्याचा प्रश्नच नव्हता.

या वांटणीचें पहिलें फळ २ सप्टेंबर २००२ रोजीं दिसलें. तो दिवस अमेरिकेंतील कामगारदिनाचा. कन्सॉलिडेटेडच्या माणसांस एका क्रमांकावर फोन करावयास सांगण्यांत आलें होतें. फोन लावल्यावर मुख्य चालकाचा मुद्रित आवाज ऐकूं येई. कंपनी काम थांबवीत आहे असें तो आवाज सांगत होता. सुमारें १५,५०० माणसांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशीं दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. कॉन-वेच्या मोटारी त्या दिवशींहि नेहमींप्रमाणें निघाल्या.

आतां यलोकडे वळूं. नांव यलो असलें तरी तिच्या मोटारींचा रंग नारिंगी. रस्त्यावर दुरून ठळक दिसावा म्हणून तो निवडला होता. १९५१ सालीं कंपनीचें एकदां दिवाळें निघालें, आणि १९५२ सालीं कॅन्सस सिटीच्या पॉवेल घराण्यानें ती हातीं घेतली. पुढें १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षें, सूत्रें त्याच घराण्याकडे होतीं. हा काळ रामराज्याचा होता असें समजण्याचें कारण नाहीं. संप होत, तंटे होत, माणसें कमीहि केलीं जात. परंतु धनी स्थिर असला म्हणजे त्याची चूक त्यालाच भोंवते, आणि म्हणून तो हात राखून चालतो. पॉवेलांच्या नंतर आलेले चालक पगारी होते. कंपनी मोठी करून दाखवावी ही त्यांची हौस, आणि त्या हौशीस कर्ज देणाऱ्या बँका त्या काळीं पुष्कळ होत्या. डिसेंबर २००३ मध्यें यलोनें रोडवे ही आपली जुनी प्रतिस्पर्धी कंपनी सुमारें १०० कोटि डॉलरांस घेतली. २००५ सालीं यूएसएफ ही आणखी एक कंपनी १३० कोटींहून अधिक डॉलर देऊन घेतली. नकाशावर साम्राज्य दिसूं लागलें. पण एकाच शहरांत तीन-तीन धक्के, एकाच गिऱ्हाइकाच्या दारांत दोन-दोन मोटारी, आणि माथ्यावर कर्ज, ही त्या साम्राज्याची आंतली बाजू होती. तोंच २००८ ची मंदी आली.

आमच्याकडे म्हण आहे कीं, आयजीच्या जिवावर बायजी उदार. कंपन्या घेण्याचा निर्णय चालकांचा, कर्ज बँकांचें, आणि फेड मात्र धक्क्यावरच्या माणसानें करावयाची, असा प्रकार आतां सुरू झाला. २००९ च्या आरंभीं शेंकडा १० मजुरी कापली गेली; त्याच वर्षीं पुढें आणखी शेंकडा ५. पेन्शन फंडांतील वर्गणी कंपनीनें थांबविली, आणि २०११ च्या जूनमध्यें ती पुन्हां सुरू केली ती पूर्वींच्या दराच्या अवघ्या शेंकडा २५ नें. याच सुमारास यलो व रोडवे यांचीं जाळीं एक करण्यांत आलीं. दोन्ही याद्या नियमाप्रमाणें गुंफल्या गेल्या. अन्याय कोणावरहि झाला नाहीं, आणि तरीहि यादीवर दहावा असलेला माणूस एका सकाळीं विसावा झाला. मजुरी सोडल्याच्या बदल्यांत कामगारांना कंपनीच्या मालकींत वांटा देऊं केला होता. त्या वाट्याचें काय झालें तें एका हिशेबावरून कळेल. २०१० सालीं कंपनीनें २५ भागांचा एक भाग केला आणि २०११ सालीं ३०० भागांचा एक. ज्याच्यापाशीं आरंभीं ७,५०० भाग होते त्याच्यापाशीं अखेर एक उरला.

हे सर्व त्याग कामगारांनीं मतदान करून मान्य केले, ही गोष्ट विसरतां कामा नये. जानेवारी २०१४ मध्यें सवलतींचा एक नवा प्रस्ताव त्यांनीं प्रथम फेंटाळला, आणि थोड्या बदललेल्या रूपांत त्याच महिन्यांत स्वीकारला. याला मूर्खपणा म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. ज्यानें वीस वर्षें ठेविलीं आहेत तो एकविसाव्या वर्षीं ठेव सोडून जाऊं शकत नाहीं. दुसऱ्या कंपनींत मजुरी अधिक मिळेल, पण तेथें तो यादीच्या तळाशीं असेल. ज्या ज्येष्ठतेनें त्याला मुकादमाच्या मर्जींतून सोडविलें, तिनेंच त्याला बुडत्या जहाजास बांधून टाकलें. भांडवलदार आपलें भांडवल एका दिवसांत दुसरीकडे नेतो. वर्षांचें भांडवल नेतां येत नाहीं. मालक व कामगार यांच्यांतील खरा भेद, माझ्या मतें, श्रीमंती-गरिबीइतकाच येथें आहे.

शेवटचा अंक थोडक्यांत सांगतों. २०२० च्या जुलैमध्यें साथीच्या संकटांत सरकारनें या कंपनीस ७० कोटि डॉलरांचें कर्ज दिलें व सुमारें शेंकडा ३० भाग आपणांकडे घेतले. उरलेल्या चार उपकंपन्यांचीं जाळीं एक करण्याची योजना नव्या चालकांनीं आंखली. २०२२ च्या सप्टेंबरांत तिचा पश्चिमेकडील पहिला टप्पा संघाच्या संमतीनें पार पडला. दुसऱ्या टप्प्यास २०२३ सालीं संघ अडून बसला. चालकांचें म्हणणें खोटें नव्हतें. एका दारांत दोन मोटारी पाठविणारी कंपनी जगत नाहीं. संघाचेंहि म्हणणें खोटें नव्हतें. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरनें मोटारहि हांकावी आणि परक्या धक्क्यावर मालहि उतरावा अशी जी नवी जागा कंपनीस हवी होती, ती यादीवर चढून मिळविलेल्या हक्काचा गाभाच कोरून काढीत होती. शिवाय चौदा वर्षें सवलती दिल्यावर पुन्हां आणखी कांहीं फुकट देण्यास सभासद तयार नव्हते. जूनअखेर कंपनीनें संघावर १३ कोटि ७० लाख डॉलरांचा दावा लावला. जुलैंत कंपनीनें फंडांची सुमारें ५ कोटि डॉलर वर्गणी भरली नाहीं. संघानें संपाची सूचना दिली. संप टळला, पण गिऱ्हाइकें थांबलीं नाहींत. अडकून पडेल अशा मोटारींत आपला माल कोण घालील? ३० जुलै रोजीं काम बंद झालें. ६ ऑगस्ट रोजीं दिवाळखोरीचा अर्ज गेला.

त्यानंतर जें घडलें तें मला या सर्व इतिहासांत अधिक बोलकें वाटतें. डिसेंबर २०२३ मध्यें कंपनीच्या मालधक्क्यांचा लिलाव झाला. १३० धक्क्यांचे सुमारें १८८ कोटि डॉलर आले. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ नंतरचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांस, चालत्या धंद्यापेक्षां त्याच्याखालची जमीन मोलाची ठरणें नवीन वाटणार नाहीं. घेणारे कोण होते? मोठा वांटा एक्सपीओ या कंपनीनें घेतला: २८ धक्के, ८७ कोटि डॉलर. ही एक्सपीओ म्हणजे २०१५ सालीं कॉन-वेला विकत घेणारी कंपनी. कन्सॉलिडेटेडच्या धाकट्या पातीची वारसदार. आणखी १७ धक्के सुमारें साडेतेवीस कोटींस सायानें घेतले. ही यलोचीच पूर्वींची धाकटी पाती. थोरल्या पातीचा वाडा अशा रीतीनें धाकट्या पात्यांच्या ताब्यांत गेला. सरकारचें कर्ज व्याजासह फिटलें. धक्के विकले गेले, मोटारी विकल्या गेल्या. ज्येष्ठतेची यादी मात्र कोणीं विकत घेतली नाहीं. तिला लिलावांत क्रमांकच नव्हता.

पेन्शनची कहाणी थोडी निराळी निघाली. सेंट्रल स्टेट्स फंडांत वर्गणी भरणाऱ्या कंपन्या एकेक करून बुडाल्या. यूपीएसनें २००७ सालीं ६१० कोटि डॉलर एकदम भरून त्यांतून अंग काढून घेतलें. आणि फंड स्वतःच बुडण्याच्या बेतास आला. तेव्हां डिसेंबर २०२२ मध्यें सरकारनें सुमारें ३,५८० कोटि डॉलर देऊन तो वांचविला. म्हणजे दिलेल्या वर्षांचा अर्धा भाग, जो पैशांत मोजतां येतो, तो करदात्यांच्या पैशानें कां होईना, भरून निघाला. दुसरा अर्धा, जो दिवसपाळींत, रविवारच्या सुटींत आणि घरच्या जेवणांत मोजावयाचा, त्याचा विमा कोणीं उतरविलेला नव्हता.

व्यवस्थापन बदललें म्हणजे कामगाराचें नेहमीं वाईटच होतें, असा मात्र निष्कर्ष कोणी काढूं नये. ओव्हरनाइट नांवाच्या कंपनीनें संघास वर्षानुवर्षें दाराबाहेर ठेविलें होतें. १९९९ पासून तीन वर्षें चाललेला संपहि तेथें फसला. २००५ सालीं तीच कंपनी यूपीएसनें १२५ कोटि डॉलरांस घेतली, आणि जें संपानें साधलें नाहीं तें नव्या धन्याच्या तटस्थतेनें साधलें; कांहीं वर्षांतच तेथील बहुतेक ड्रायव्हर संघाच्या कराराखालीं आले. २०२१ सालीं ती कंपनी पुन्हां विकली गेली, कॅनडांतील टीएफआयला, ८० कोटींस. करार मात्र टिकला. दोन्ही वेळां धनी बदलला. पहिल्या वेळीं कामगाराच्या हातीं कांहीं आलें, दुसऱ्या वेळीं तें गेलें नाहीं. यावरून दिसतें तें इतकेंच कीं, घाव बदलाचा नसतो. बदलाच्या कागदावर कामगाराचीं वर्षें कोणत्या रकान्यांत लिहिलीं जातात, यावर सारें अवलंबून असतें.

कंपनी विकतांना मोटारी मोजतात, जमीन मोजतात, येणें-देणें मोजतात. वर्षें मोजण्याचा रकाना त्या कागदांत असावा, एवढीच मागणी टीमस्टर्सनीं १९६४ पासून वेगवेगळ्या शब्दांत केली. ती करतांना त्यांचे पुढारी चुकले, आपल्याच तिजोरीशीं बेइमान झाले, कित्येकदां काळ ओळखूं शकले नाहींत. हें सर्व खरें मानूनहि मागणी खोटी ठरत नाहीं. २०२३ च्या शरदऋतूंत यलोच्या कित्येक ड्रायव्हरांस काम पुन्हां मिळालें. ड्रायव्हर सर्वत्र हवे होते. पण नव्या धक्क्यावर त्यांचीं नांवें यादीच्या तळाशीं लागलीं. पंचावन्न वर्षांचा माणूस पंचविशींतल्याप्रमाणें पुन्हां रात्रीं फोनची वाट पाहत बसला. त्याच्या मजुरीचा आंकडा कदाचित् पूर्वींपेक्षां मोठाहि असेल. आंकड्यांच्या इतिहासांत त्याचें नुकसान झालें नाहीं, अशीच नोंद होईल.